वाट पाहणारी माणसं

आपल्यापैकी बहुतेकांना नागपूरला किंवा रायपूरकडे जायचं तर गोंदियाला उतरावं लागतं. बालाघाटहून आलेली गाडी सोडायची, जिना चढायचा, दुसऱ्या फलाटावर जायचं आणि चहा घेत पुढच्या गाडीची वाट पाहायची. याच मार्गावरून १८९३ साली एक तिशीतला मराठी माणूस नागपूरहून राजनांदगावला चालला होता. तेव्हा आपल्या बालाघाटपर्यंत रेल्वे आलेलीसुद्धा नव्हती. हा माणूस कवी होता, संस्कृत उत्तम जाणणारा होता आणि नेहमीप्रमाणे नोकरीच्या शोधात होता. डब्यात त्याची एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या, त्या देवाधर्मापर्यंत गेल्या. उतरण्याआधी त्या प्रवाशाने त्याला नवा करार भेट दिला आणि हे पुस्तक वाचीन असा शब्द घेतला.

पुस्तक काही लगेच आवडलं नाही. सुरुवातीची पानं वाचताना कंटाळाच आला. एरवी असं पुस्तक आपण कपाटात टाकतो आणि विसरतो. पण शब्द दिलेला होता. तो प्रवासी पुन्हा भेटेल की नाही याचा पत्ता नव्हता, तरीही आपण वाचू अशी त्याची अपेक्षा आहे एवढं माहीत होतं. म्हणून वाचन चालू राहिलं. वाचता वाचता डोंगरावरचं प्रवचन आलं, आणि तिथून पुढे मात्र पुस्तक खाली ठेवणं अवघड झालं. तो माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. दोनच वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

रेव्हरंड टिळकांचं चरित्र आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना थोडंफार माहीत असतं. पण आज गोष्ट सांगायची आहे ती त्यांच्या पत्नीची. डब्यात दिलेल्या त्या एका शब्दाने जिचा संसार मोडला आणि पुन्हा वेगळ्याच पायावर उभा राहिला, त्या लक्ष्मीबाईंची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठीतलं एक फार मोठं आत्मचरित्र लिहिलं आणि एका महाकाव्याचे चौसष्ट अध्यायही लिहिले. हे काम त्यांच्या हातून झालं कसं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याचं उत्तर शोधताना त्यांच्याभोवतीच्या माणसांकडे पाहावं लागतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरातली हाक मनू. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचं जणू वेडच लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कोणी कुठे शिवलं, कोणाची सावली कशावर पडली, याचा हिशेब दिवसभर चालायचा. त्या हिशेबात घरच्या बायकांचं आयुष्य आंबून जायचं. मुलीने काय करावं यापेक्षा काय करू नये याची यादीच मोठी. तिने वाचावं, लिहावं, चार शब्द रचावेत, अशी अपेक्षा तिथे कोणाचीच नव्हती.

अकरा-बारा वर्षांच्या या मुलीचं १८८० मध्ये लग्न झालं. नवरा अठरा वर्षांचा. सासरे तापट. नवरा प्रेमळ, बुद्धिमान आणि कमालीचा लहरी. खिशात दिडकी नसताना दुसऱ्याला मदत करणारा, मनात आलं की न सांगता घरातून निघून जाणारा, रागावला की भडकणारा आणि शांत झाला की लहान मुलासारखा वागणारा. बिऱ्हाड आज इथे तर उद्या तिथे. नागपूर आणि राजनांदगाव ही आपल्या बाजूची दोन्ही गावं या संसारात येऊन गेली. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळकांचं संस्कृत ग्रंथांचं काम चालू होतं. घरात कधी भरभराट असायची, कधी पीठही नसायचं. या सगळ्या धांदलीत टिळकांनी बायकोला अक्षरं शिकवली. तिची शाळा म्हणायची तर एवढीच. शुद्धलेखन तिला आयुष्यभर नीटसं जमलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही.

मग १८९५ साल आलं. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. निर्णय आधी नवऱ्याने घेतला आणि बातमी नंतर बायकोपर्यंत पोचली. पोरगं लहान. बाईचं वय सव्वीस. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी तो मेल्यातच जमा. एका रात्रीत ती ना सुवासिनी राहिली ना विधवा. ज्याने तिला अक्षरं दिली त्यानेच तिला हे दुःखही दिलं, हे विसरून चालणार नाही. टिळकांचं चरित्र लिहिणारे कधी कधी इथून घाईने पुढे जातात. लक्ष्मीबाई स्वतः मात्र या जागेवर थांबल्या आहेत, आणि रडत-हसत सगळं सांगून गेल्या आहेत.

पुढची चार-पाच वर्षं ताटातुटीची. काही काळ त्या पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. आजूबाजूला एकच दाब होता, लोक काय म्हणतील हा. नवऱ्याची पत्रं यायची, त्यावर लोक काय म्हणतील. त्याला भेटलं तर लोक काय म्हणतील. मुलाला त्याच्याकडे पाठवलं तर काय म्हणतील. हा दाब आपल्याकडे सगळ्यांना ओळखीचा आहे. याच्यात माणूस काही करत नाही, फक्त काही करायचं टाळतो. अशा कोंडीत असताना त्यांच्या तोंडून ओळी येऊ लागल्या. दुःख कोणापाशी बोलता येत नव्हतं, ते पद्यात येऊ लागलं. त्या रचना कोणी मागितल्या नव्हत्या आणि कोणी ऐकणारंही नव्हतं, म्हणून ते झरे तिथल्या तिथे जिरत राहिले.

शेवटी त्या मुलाला घेऊन अहमदनगरकडे, नवऱ्याच्या जवळ आल्या. पण आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. ख्रिस्ती वस्तीत राहायचं आणि चूल, पाणी, भांडी वेगळी ठेवायची. हा सगळा खटाटोप त्यांनी पुढे इतक्या गमतीने लिहिला आहे की वाचताना हसू आवरत नाही. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टिळकांनी या काळात धर्माच्या बाबतीत त्यांना घाई केली नाही. बाप्तिस्मा घे असा लकडा त्यांच्यामागे लावला नाही. माणसामाणसांतला विटाळ ही देवाची करणी नसून माणसाची आहे, हे त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. मग एक दिवस त्यांनी ते सोवळं आपल्या हाताने सोडून दिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, नवऱ्यामागे फरफटत नव्हे.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याचं कारण आहे. दाब चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, याचा धडा लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. जिथे माणसाचं मन अजून ठरलेलं नाही, तिथे त्याच्यावर दाब टाकणं म्हणजे त्याचं मन हिरावून घेणं. पण जिथे मन ठरलेलं आहे आणि नुसता हात हलत नाही, तिथे कोणीतरी मागे उभं राहून अजून झालं नाही का असं विचारणं हा उपकार असतो. श्रद्धेच्या बाबतीत टिळकांनी वाट पाहिली, मागे लागले नाहीत. लिहिण्याच्या बाबतीत मात्र ते घर एकमेकांना स्वस्थ बसू देत नव्हतं.

आता ते घर कसं होतं ते पाहू. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत. घरात आपली मुलं थोडी आणि लोकांची जास्त. दुष्काळात पोरकी झालेली मुलं यायची, विद्यार्थी यायचे, कवी यायचे. टिळक कोणालाही हाताला धरून घरी आणायचे आणि लक्ष्मीबाईंनी सगळ्यांना जेवू घालायचं. कविता झाली की ती घरातल्या माणसांनीच आधी ऐकायची. त्यामुळे कवितेला त्या घरात भाजीभाकरीइतकी जागा होती. कोणी चार ओळी केल्या तर त्या ऐकायला कान हजर असायचे, आणि काही दिवस काही केलं नाही तर ते लक्षातही यायचं.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि जमलेली मंडळी थक्क झाली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. स्वभावाने हळवा, आळशी, क्षणात रुसणारा आणि क्षणात हसणारा. लक्ष्मीबाईंचं आणि त्याचं आईमुलासारखं भांडण चालायचं आणि आईमुलासारखं प्रेमही. एका घरात टिळकांसारखा मोठा कवी, बालकवींसारखा उगवता कवी, आणि स्वयंपाकघरात अशुद्ध लिहिणारी पण कानाने पक्की असलेली ही बाई. अशा घरात राहून गप्प बसणंच अवघड. लक्ष्मीबाईंच्या कविता वाढल्या त्या या सहवासात. त्या पुढे भरली घागर या नावाने पुस्तकरूपाने आल्या.

टिळकांच्या स्वतःच्या लिखाणाचंही असंच होतं. मूळचा माणूस लहरी, एका जागी न टिकणारा. पण मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना आपल्या चालीत, आपल्या भाषेत गाता येतील अशी गीतं हवी होती. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गाण्यांत लोकांचं मन रमत नव्हतं. रविवारी उपासनेला जमणारी माणसं नव्या गीताची वाट पाहत होती. १९१२ पासून ज्ञानोदय साप्ताहिकाच्या मराठी भागाचं संपादन टिळकांकडे आलं, आणि साप्ताहिक काही कवीची लहर पाहून थांबत नाही. दर आठवड्याला अंक निघणार म्हणजे दर आठवड्याला मजकूर हवाच. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे टिळक या बांधिलकीत शेकडो भजनं आणि अभंग लिहून गेले. आजही मराठी चर्चमध्ये उपासना संगीताचं पुस्तक उघडलं की त्यांचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं.

पण एक काम असं होतं की ज्याची कुठली तारीख नव्हती. ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत, महाकाव्य म्हणून लिहायचं. नाव ठरलं ख्रिस्तायन. मराठीला हे अगदी नवं नव्हतं, कारण फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्येच छापलं गेलं होतं. टिळकांना मात्र आपल्या काळाच्या मराठीत ते सांगायचं होतं. १९०९ च्या सुमारास काम सुरू झालं. अध्याय दहा-अकरा झाले. मग दुसरी कामं आली, साप्ताहिक आलं, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार ही नवी चळवळ उभी केली, तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. आठवड्याच्या आठवड्याला मागणी असलेलं लिखाण पूर्ण झालं होतं, आणि मनाजवळचं सगळ्यात मोठं काम अकरा अध्यायांवर थांबलं होतं. यात टिळकांचा आळस नव्हता. ज्या कामाची रोज कोणी चौकशी करत नाही, ते मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या हातूनही मागे पडतं.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या. लग्नाला जवळजवळ एकोणचाळीस वर्षं झाली होती. आता घरात कविता ऐकणारा तो माणूस नव्हता. बालकवीही नव्हते, वर्षभर आधी, मे १९१८ मध्ये, भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले होते. ज्यांच्यामुळे हात हलत होता ती दोन्ही माणसं वर्षभराच्या अंतराने गेली. इथे एखाद्याचं लिहिणं कायमचं थांबलं असतं. नवऱ्यामागे कराचीपर्यंत संसार हलवणाऱ्या या बाईला कोणी दोषही दिला नसता.

पण आता एक नवी व्यक्ती वाट पाहू लागली. त्यांचा मुलगा देवदत्त. त्याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं आणि वडिलांबद्दल सगळ्यात जास्त माहीत होतं ते आईला. म्हणून तो आईच्या मागे लागला, आठवेल तसं लिहून दे म्हणून. त्याने आईकडे साहित्य मागितलं नव्हतं, माहिती मागितली होती, आणि हे फार बरं झालं. ग्रंथ लिही म्हटलं असतं तर त्या घाबरल्या असत्या. मुलाला बापाच्या गोष्टी सांगायच्या आहेत म्हटल्यावर घाबरायचं काय कारण? त्या सांगत गेल्या, लिहीत गेल्या. जसं बोलायच्या तसंच लिहिलं. विद्वत्तेचा आव नाही, उपदेश नाही, रडगाणं नाही. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, उपासमार, ताटातूट, धर्मांतर, स्वतःची फजिती, सगळं एकाच मोकळ्या आवाजात. मुलाच्या लक्षात आलं की ही चरित्राची कच्ची सामग्री नव्हे, हाच ग्रंथ आहे.

स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलं. लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सहासष्ट. एक भाग आला आणि लोकांनी तो वाचला. मग पुढचा भाग कधी, ही विचारणा आलीच. आधी फक्त मुलगा वाट पाहत होता, आता अवघा मराठी वाचक वाट पाहू लागला. ज्या समाजाच्या बोलण्याला भिऊन त्यांनी ऐन तारुण्यातली पाच वर्षं कोंडीत काढली होती, तोच समाज आता त्यांच्या दाराशी येऊन पुढे काय झालं ते सांगा म्हणत होता. माणसं तीच. त्यांचं मागणं तेवढं बदललं.

आणि ख्रिस्तायन? ते अपुरं काम लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावर घेतलं. नवऱ्याचे अध्याय अकरा. त्यांनी पुढचे चौसष्ट लिहिले. ज्यांना जोडाक्षर लिहिताना अडखळायला व्हायचं त्या बाईंनी उतारवयात चौसष्ट अध्याय ओव्या रचल्या. शेवटच्या आजारापर्यंत काम चालू होतं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. शेवटचा एक अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये शहात्तर अध्यायांचं ख्रिस्तायन प्रसिद्ध झालं. स्मृतिचित्रांचा शेवटचा भागही त्यांच्या मागे मुलानेच पुरा करून दिला. एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने पुढे नेलं आणि तिसऱ्याने तडीस नेलं. त्या घरात कोणाचंच काम एकट्याचं राहिलं नाही.

मित्रांनो, आपण बहुतेकजण हिंदी माध्यमात शिकलेले. घरात मराठी, कुणाच्या घरात पोवारी, बाहेर हिंदी. मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला की नव्वद टक्के वेळा एकच उत्तर मिळतं. मराठी बोलतो हो, पण लिहायला जमत नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, लोक हसतील. मीही हे उत्तर दिलेलं आहे, एकदा नाही, दोन-तीनदा. लक्ष्मीबाईंचं चरित्र वाचल्यावर हे उत्तर तोंडातून निघायला लाज वाटते. त्यांना आपल्याइतकंही शुद्ध लिहिता येत नव्हतं. त्यांच्याजवळ एवढंच जास्त होतं की कोणीतरी त्यांच्या लिहिण्याची वाट पाहत होतं, आणि वाट पाहणाऱ्याचा विश्वास मोडू नये असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे करायचं काय तेही यातूनच निघतं. लिहिण्याचा संकल्प मनातल्या मनात सोडला की तो मनातच जिरतो. पंढरपूरच्या त्या ओळींसारखा. तो एका माणसाला सांगावा. तो माणूस नीट निवडावा. चूक काढणारा नको, आणि वा वा करून सोडून देणाराही नको. देवदत्तासारखा हवा, ज्याला ते लिखाण खरोखर पाहिजे आहे. आणि मागायचं तेही छोटं मागावं. कादंबरी लिही असं कोणी कोणाला म्हणू नये. आजीच्या लग्नाची गोष्ट दोन पानांत लिहून दे, शुक्रवारी मी घ्यायला येतो, असं म्हणावं. आणि शुक्रवारी खरंच जावं. न जाणारा माणूस वाट पाहत नसतो, हे समोरच्याला लगेच कळतं.

तसंच उलट बाजूनेही. आपल्यातल्या कोणाच्या तरी मनात आहे आणि हात हलत नाही, असं दिसलं तर त्याला विचारत राहावं. त्याच्या श्रद्धेबद्दल, मतांबद्दल, आयुष्याच्या मोठ्या निर्णयांबद्दल त्याच्या मागे लागू नये. तिथे टिळकांसारखं थांबावं. पण त्याने स्वतःच करीन म्हटलेल्या कामाबद्दल मात्र बिनदिक्कत विचारावं. विचारणं म्हणजे त्रास देणं नव्हे. कोणीही काहीच विचारत नाही, तोच खरा त्रास असतो.

गोंदियाला पुढच्या वेळी गाडी बदलताना मला तो डबा आठवेल. एका अनोळखी माणसाने पुस्तक दिलं आणि वाचीन एवढा शब्द घेतला. त्या शब्दाचा धागा धरून नगरचं ते घर, शेकडो भजनं, स्मृतिचित्रे आणि शहात्तर अध्यायांचं काव्य इथवर आलं. मधे एका बाईचे पाच वर्षांचे अश्रूही आहेत, ते वगळता येणार नाहीत. पण त्या बाईने त्यांच्यासकट सगळं लिहून ठेवलं, कारण तिच्या मुलाने ते मागितलं होतं.

आपल्या पुढच्या अंकासाठी मी एका मैत्रिणीकडे तिच्या आजीची गोष्ट मागितली आहे. ती म्हणाली, बघते. मी शुक्रवारी जाणार आहे.